उल्हासचं घरचं मेडिकल

भिकाजीमामांना ‘नाही’ म्हणायचं उल्हासच्या जिवावर आलं, एवढंच निमित्त झालं.

मामा दुबईत, अल क्वोजमधल्या एका गोदामावर सुपरवायझर होते. गुरुवारी त्यांचा फोन आला तोच गुडघ्याचं रडगाणं घेऊन. “अरे उल्हास, गावाला मेडिकलवाल्याला नुसता गुडघा दाखवला की तो गोळी काढून देतो. इथे म्हणे डॉक्टरची चिठ्ठी आणा! अरे, चिठ्ठी आणायला जायचं तरी गुडघा नको चालायला?”

यावर काय म्हणायचं ते उल्हासला तोंडपाठ होतं. त्याची बायको अर्चना अजमानला, त्यांच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या फार्मसीत गेली नऊ वर्षं फार्मसिस्ट होती. कुठली गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, कुठलं औषध कुलपात ठेवायचं, हे त्याने जेवताना ऐकलं होतं, भांडतानाही ऐकलं होतं. गेल्या थंडीत त्याचा घसा बसला, तेव्हा तिने सख्ख्या नवऱ्यालाही आधी डॉक्टरकडे पिटाळलं होतं. (डॉक्टरने गरम पाणी लिहून दिलं. ते मात्र तिने चिठ्ठी नीट वाचून ताबडतोब दिलं.)

पण बायकोपुढे आपलं काही चालत नाही, हे मामांना सांगायचं कुठल्या तोंडाने? उल्हासने छाती फुगवली. “मामा, काळजी कसली करता? आपलं घरचं मेडिकल आहे! उद्या तुमची सुट्टी ना? मग या सरळ. यल्ला, निघाच!”

मामांनी फोन ठेवला आणि राहत्या खोलीतल्या सगळ्या कामगारांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, “माझ्या भाच्याचं घरचं मेडिकल आहे!”

आता मामांच्या गावी मेडिकल म्हणजे औषधाचं दुकान. पण इथल्या कामगाराच्या डोक्यात मेडिकल म्हणजे एकच. व्हिसासाठी रक्त द्यायचं, छातीचा एक्सरे काढायचा आणि ‘फिट’ असा शेरा येईपर्यंत देव पाण्यात घालून बसायचं. मामांच्या खोलीतल्या सात जणांचे व्हिसा त्याच महिन्यात संपत होते. सातही जण एकदम उठून बसले.

इकडे त्याच शुक्रवारी अर्चनाच्या फार्मसीत इन्स्पेक्शन होतं. मालकाने स्पष्ट सांगितलं होतं, इन्स्पेक्शन सुखरूप पार पडलं तर ‘फार्मसिस्ट-इन-चार्ज’ म्हणून तुमचं नाव, नाहीतर बाहेरून माणूस आणू. नऊ वर्षांनी आलेली संधी होती. सकाळी खाली जाताना तिने दारातच बजावलं, “आज कुणी खाली फिरकायचं नाही. विशेषतः तुम्ही.”

उल्हास घरून काम करत होता (म्हणजे लॅपटॉप उघडा होता). साडेदहाला बाल्कनीतून लेक ओरडली, “बाबा! देअर्स अ मिनीबस फुल ऑफ अंकल्स. व्हाय आर दे रोलिंग अप देअर स्लीव्ह्ज?”

“कुठले अंकल्स, दिया?”

“भिकाजी आजोबा इज लीडिंग देम.”

उल्हास चपला उलट्या घालून जिना उतरला.

फार्मसीत सात जण रांगेत उभे होते. बाह्या दंडापर्यंत वर, हातात पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन-दोन फोटो. पुढे मामा, लंगडत. काउंटरच्या आत अर्चना रजिस्टर धरून उभी, आणि बाहेर टॅबलेट घेतलेल्या इन्स्पेक्टर जुलेखा मॅडम.

“वहिनी,” रांगेतला पहिला, सोमनाथ, अदबीने म्हणाला, “सगळे उपाशीपोटी आलोय. चहासुद्धा नाही घेतला. रक्त आधी की एक्सरे?”

जुलेखा मॅडमनी चष्मा वर केला. त्यांना हिंदी चांगलं येत होतं. “किसलिए आए हो?”

“मेडिकल के लिए, मॅडम,” सोमनाथ उत्साहाने म्हणाला. “इनका घर का मेडिकल है ना!”

“इधर खून लेते हैं?”

अर्चनाचा चेहरा औषधाच्या पुडीसारखा पांढरा पडला. दुकानात विनापरवाना रक्त घेतात अशी शंका जरी नोंदवली गेली असती, तरी इन-चार्ज सोडाच, असलेलं लायसन्सही जायचं.

रांग ओलांडून तिच्यापर्यंत पोचायला उल्हासला वाट नव्हती. त्याने काउंटरची बाजूची फळी उचलली, आत शिरला आणि बायकोच्या शेजारी उभा राहिला. (पुढे नव्हे. शेजारी, जरासा मागे.)

“मॅडम, हमारे महाराष्ट्र में मेडिकल मतलब दुकान! नो टेस्ट, ओन्ली दुकान! ये लोग गलत समझे, गलती मेरी है.”

“तो इनको क्या चाहिए?” मॅडमनी मामांकडे बोट केलं.

मामांनी विजार वर ओढली. गुडघा खरोखरच नारळाएवढा सुजला होता. “घुटने की गोली,” ते म्हणाले. मग मराठीत, अगदी हळू आवाजात, “सूनबाई, एकच दे गं.”

मॅडम अर्चनाकडे बघत राहिल्या.

“मामा, चिठ्ठीशिवाय नाही,” अर्चना म्हणाली. “माझ्या बाबांनाही नव्हती दिली.”

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या वाक्याशी मामांनीही हुज्जत घातली नाही. त्यांनी विजार खाली केली.

“पण समोरच्या क्लिनिकमध्ये मी तुमच्याबरोबर येते,” ती पुढे म्हणाली. “आणि तुम्ही सगळे वर जा. पोहे आहेत.”

जुलेखा मॅडमनी टॅबलेटवर भराभर काही टिपलं. “स्टोअरेज, गुड. रजिस्टर, गुड. फार्मसिस्ट, एक्सलंट.”

अर्चनाने हातातलं रजिस्टर मिटून खाली ठेवलं.

“बट वन व्हायोलेशन.” मॅडमचं बोट उल्हासवर आलं. “काउंटर के अंदर ये कौन?”

“मैं... हसबंड.”

“लायसन्स?”

“यांचं खातं घरचं आहे, मॅडम,” अर्चना मराठीतच पुटपुटली आणि नवऱ्याला कोपराने ढकलत फळीबाहेर काढलं.

तर अर्चना इन-चार्ज झाली. मामांना गोळी मिळाली, रीतसर, चिठ्ठीवर. सात जणांनी पोह्यांची कढई धुतल्यासारखी करून ठेवली.

फक्त त्या एका दोषाबद्दल ऑनलाइन फॉर्म भरायचा राहिला होता. ‘हा दोष पुन्हा आढळू नये म्हणून कोणती उपाययोजना केली?’ अर्चना बराच वेळ टाईप करत होती. आपल्या धावून जाण्याबद्दल चार चांगले शब्द असतील, या आशेने उल्हासने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.

तिने लिहिलं होतं : ‘दोष घरी ठेवला आहे.’