पाठकोरे कागद

शनिवारी सकाळी वामनरावांनी कपाटामागची पिशवी ओढून काढली आणि उलटी करून झटकली. पिशवी रिकामी होती.

"अवो, इथले कागद कुठी गेले?"

"ते जुने फारम?" पत्नी तानाबाई चुलीपुढूनच म्हणाल्या. "सुरभीनं नेले सोमवारी. मॅडमनं पाठकोरे कागद आणाले सांगतले होते."

"त्याच्यात माहं भाषण होतं!"

"भाषण कोनी रद्दीत ठेवते काय?"

"हरवू नाही म्हणून ठेवलं ना!"

वामनराव तीस वर्षं कापूस खरेदी केंद्रावर कारकून होते. मोठ्यानं बोलायची त्यांना इतकी धास्ती, की गाडीवाल्यांची नावं पुकारायचं कामही ते शिपायाकडे देत. निवृत्तीनंतर ते घाटंजीच्या वाचनालयातून पुस्तकं आणून वाचत बसत, म्हणून गाव त्यांना विद्वान समजे. हा गैरसमज दूर करायचा तर मोठ्यानं बोलावं लागलं असतं, म्हणून तो तसाच राहिला. आणि त्यातूनच नात सुरभीच्या चौथीच्या वर्गाच्या सईदा मॅडमनी 'आम्ही काय शिकलो' या कार्यक्रमाचं प्रमुख पाहुणेपद त्यांच्या गळ्यात घातलं. नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं.

तीन आठवडे खपून त्यांनी सहा पानांचं भाषण लिहिलं होतं. केंद्रावरच्या सवयीनं एकाच बाजूनं. दुसऱ्या बाजूनं शाई उमटते. पण खरी भीती भाषण हरवल्याची नव्हती, ते सापडल्याची होती. शेवट सुचेना, तेव्हा त्यांनी सगळे पाहुणे जे म्हणतात तेच लिहून टाकलं होतं. आजच्या मुलांना काही येत नाही. ती वाचत नाहीत. शेतात काय चाललंय, त्यांना पत्ता नसतो.

ते टोपी सावरत शाळेत पोचले तेव्हा पालक जमले होते.

"या काका, आधी मुलांचं पाहून घ्या. भाषण शेवटी," सईदा मॅडम म्हणाल्या.

पहिलं टेबल गणिताचं. तिथे त्यांना आपलं पहिलं पान भेटलं. गोल कापून त्याचे आठ भाग केले होते. एका भागावर 'सन्मान' होता, पलीकडच्यावर 'नीय'. वामनरावांनी हळूच एक भाग उचलला.

"आजोबा, तो ठेवा," मेकॅनिकची नाजिया म्हणाली. "नाहीतर सात अष्टमांशच राहीन."

त्यांनी निमूट ठेवला.

परिसर अभ्यासाच्या टेबलावर दुसऱ्या पानाचे पतंग झाले होते. ते वर्ष गुलाबी बोंडअळीचं. गावातल्या निम्म्या कापसाची बोंडं आतून पोखरली होती आणि मोठी माणसं ओट्यावर बसून बियाण्याला, औषधाला, सरकारला शिव्या देत होती. इथे मात्र गोपाल नावाचा पोरगा अंडी, अळी, कोष, पतंग असं बोटानं दाखवत होता.

"एक मादी दीडशे अंडी घालते असं धरलं आमी. त्यातल्या अर्ध्या माद्या. तिसऱ्या पिढीले आठ लाख त्रेचाळीस हजार सातशे पन्नास. मंग फळ्यावरची जागा सरली."

वामनरावांनी मनातल्या मनात गुणाकार केला. तीस वर्षं आकड्यांत गेलेला माणूस. बरोबर होता. भाषण शोधायचं ते विसरले.

"मंग याले थांबवाचं कसं?" त्यांनी विचारलं. आपण चार माणसांत बोललो, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

"सोपं हाय. फरदड, म्हंजे मागाहूनचा कापूस, घ्याची नाही. वेचणी झाली की कपाशीची पऱ्हाटी उपटाची. उभी ठेवली तर अळीले जेवण भेटते."

वामनरावांना ठसका लागला. फेब्रुवारी चालू होता आणि गेलेलं थोडं तरी भरून निघावं म्हणून त्यांच्या शेतातली पऱ्हाटी फरदडीसाठी अजून उभी होती.

भूगोलाच्या टेबलावर तीन पानं चिकटवून गावाचा नकाशा काढला होता. नाला, टेकडी, पांदण, सगळं दिशेसकट जागच्या जागी. पोरांनी शेतं पावलांनी मोजली होती. पऱ्हाटी उपटलेली शेतं हिरवी, उभी असलेली लाल. नाल्याकाठचं एक शेत सगळ्यात लाल होतं.

"हे कोनाचं?" मागून कोणीतरी विचारलं.

सुरभी पायाच्या अंगठ्यानं फरशी घासू लागली.

"आता भाषा," सईदा मॅडम म्हणाल्या. "मुलांनी लाल शेतवाल्यांना पत्रं लिहिली आहेत."

नाजियानं पहिलं पत्र वाचलं. "ती. आबांस, सा. न. आपण खूप पुस्तकं वाचता. म्हणून विचारते, आपल्या शेतातली पऱ्हाटी कधी उपटणार? पतंगाला आपला बांध कळत नाही. तो शेजारच्या शेतातही जातो. आपली, सुरभी." मग तिनं कागद उलटला. "मॅडम, मागं कोणीतरी लिवलं हाय, 'आजच्या मुलांना काही येत नाही.' हे कोनाचं हाय? अक्षर चांगलं हाय, पण त्याले आमचं माहीत नाही वाटते."

पालक हसले. सुरभीनं आबांकडे पाहिलं. तिला अक्षर पहिल्या दिवशीच ओळखू आलं होतं आणि तिनं वर्गात कोणाला सांगितलं नव्हतं.

"आता पाहुण्यांचे दोन शब्द," मॅडम म्हणाल्या.

वामनराव उभे राहिले. "ते माहं अक्षर हाय," ते म्हणाले. "तीन आठवडे लिहून राह्यलो होतो. पण चुकीच्या बाजूनं लिवलं. भाषण या पोरांनी पाठीमागं लिवलं हाय. म्या ते आत्ताच वाचलं."

एवढंच बोलून ते खाली बसले. टाळ्या कशासाठी, हे त्यांना बराच वेळ कळलं नाही.

रविवारी ते लांब दांड्याचा लोखंडी चिमटा घेऊन शेतात पऱ्हाटी उपटत होते. दुपारी चौथीचा अख्खा वर्ग मॅडमसह नकाशा घेऊन बांधावर आला. गोपालनं कपाशीच्या ओळी मोजल्या, नाजियानं उरलेली धसकटं दाखवली, आणि शेवटचं झाड निघाल्यावर सुरभीनं नाल्याकाठच्या लाल चौकोनावर हिरवा खडू फिरवला. वामनराव टोपी हातात घेऊन, एखाद्या देवळासमोर उभं राहावं तसे तो रंग पाहत राहिले.

"काका, पुढच्या वर्षीही तुम्हीच या," सईदा मॅडम म्हणाल्या. "भाषण चांगलं मोठं लिहा. वीस पानांचं तरी."

वामनराव संकोचले. "एवढं आवडलं काय?"

"हो ना," मॅडम म्हणाल्या. "फक्त एकाच बाजूनं लिहा."