जानूकाकांची मधली जागा

किन्हवलीला आमच्या जानूकाकांकडे जेवायला गेलात, तर नाचणीची भाकरी फाटकी मिळेल. काकू ती थापत असते तेवढ्यात काका परात ओढून घेतात, पिठावर पाच-सहा तीळ चिकटवतात आणि स्वतः थापू लागतात.

"बघ. तील चालला का? नाय चालला. तरी एकमेकांपासून लांब गेले. मधली जागा वाढते. आकाशात बी तसाच."

"अवो, तवा तापलाय," काकू म्हणते. "विश्व नंतर थापा."

विश्व फुगतंय, हे नातीच्या मोबाइलवर ऐकल्यापासून काकांना दुसरा विषय नाही. मी बी.एस्सी., तेही तीन खेपांत. पण घरात विज्ञानाचा माणूस मीच, म्हणून गेल्या उन्हाळ्यात शेताच्या मोजणीला साक्षीदार म्हणून मला बोलावलं.

काका आणि त्यांचे धाकटे भाऊ धर्माकाका यांच्या भातशेतांमध्ये एकच बांध. धर्माकाका तो दरवर्षी आपल्या बाजूनं कोरतात आणि पलीकडे माती चढवतात, असं सारं गाव म्हणतं. त्यावरून भावाभावांत तीन वर्षं अबोला. मोजणीचा अर्ज काकांच्या मुलानं, सुनीलनं परस्पर केलेला. चोरी निघाली की पोलिसात जायचं, हेही त्यानं ठरवलेलं.

"मंग धर्मा कायमचाच तुटंल," काका मला एवढंच म्हणाले.

मोजणी झाली. बांध दोन हात काकांच्या शेतात आलेला. सगळे धर्माकाकांकडे बघू लागले. धर्माकाका पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिले.

काका खाकरले. "लिहा सायेब. बांध कोनी कोरला नाय. मधली जागा वाढली."

मोजणीदारानं पेन थांबवलं. "मग तुमची कमी कशी झाली?"

"आमच्याकडं अजून पोचली नाय."

सुनीलनं कपाळाला हात लावला. लोक हसले, तसा साहेबही हसला. हसल्यावर पोलिसाचं नाव काढणं सुनीललाही जमेना. धर्माकाकांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. मग बाटली पुढे करून म्हणाले, "दादा, पानी पी. ऊन हाय."

परतताना मला माझी पदवी आठवली. "काका, जागा वाढते ती लांबलांबच्या आकाशगंगांच्या मध्ये. जिथं एकमेकांची ओढ धरून ठेवते, तिथं ती वाढत नाही. आपल्या शिवारात तर मुळीच नाही."

काका थांबले. मागं वळून धर्माकाका ऐकण्याइतके जवळ नाहीत, याची खात्री केली.

"मना म्हायत हाय ता," ते हळूच म्हणाले. "धर्माला नको सांगू."