कोरी चौकट

गोविंदआप्पांना कोरी चौकट बघवत नसे. बँकेत शेजारच्याच्या स्लिपवर तारीख हेच टाकणार. ऑफिसात कोणाच्या चहात किती साखर, तेही हेच ठरवणार. वर ऐकवणार, "कोरं काई ठेवानं नई, भाऊ."

नंदुरबारला आमच्या संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. त्याच्या प्रवेशाची वेबसाइट आप्पांनी एकट्याने बांधली होती. अर्ज उघडला की राज्य, जिल्हा सगळं आधीच भरलेलं. एकदा तर त्यांनी रक्तगटही भरून ठेवला होता! मी भांडलो तेव्हा काढला, तोही तोंड वाकडं करून.

मी नवीन असताना त्यांनी मला वेबसाइटच्या कोडचे तीन भाग असे शिकवले होते, "मॉडेल म्हनजे ताट, व्ह्यू म्हनजे पंगत, कंट्रोलर म्हनजे वाढणारा. पाव्हना बसाना पहिले ताटमा मीठ वाढेल पाहिजे. नको व्हई तं तो बाजूले सारी." इतकं सोपं मला कॉलेजातही कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांचा फोन मात्र सारखा वाजायचा. "हां माय, ताप शे का? उनू मी," म्हणत ते हातातलं काम टाकून निघायचे. उरलेलं काम माझ्या गळ्यात. या माणसाला नातेवाईक तरी किती, म्हणून मी चरफडायचो.

मग एकदा यादी तपासताना दिसलं, 'अडचणीत कोणाला कळवायचे' या रकान्यात दर दुसऱ्या मुलीपुढे एकच नंबर. आप्पांचा. चोर पकडल्यासारखा मला आनंद झाला. आप्पांना एका शब्दाने न विचारता मी यादी थेट सचिवसाहेबांकडे पाठवली.

"डोंगरवरन्या पोरी शेतस, साहेब. घर फोन नई," आप्पा म्हणाले. "चौकट कोरी ऱ्हायनी तं पोर आजारी पडनी की कोले फोन करतीन? म्हनीसन मी मन्हा नंबर टाकी दिधा."

"परक्या मुलींचे पालक व्हायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?" साहेबांनी विचारलं. त्याच आठवड्यात आप्पांना घरी बसवलं. कंट्रोलरमधली, त्यांचा नंबर आपोआप भरणारी ओळ मीच खोडली, आणि शाबासकीही घेतली. लाज वाटली नाही.

आता घरी फोन नसलेल्या मुली त्या चौकटीत दहा शून्यं टाकतात. अर्ज पुढे सरकतो. साहेब खूश आहेत.

गेल्या महिन्यात एका मुलीला कावीळ झाली. वॉर्डनबाई यादीतली शून्यं बघून माझ्याकडे आल्या. "ते आप्पा कुठे असतात हो?"

नंबर काढायला मी आप्पांची कर्मचारी म्हणून असलेली जुनी नोंद उघडली आणि तो बाईंना दिला. अर्ध्या तासात आप्पा रिक्षातून उतरले. माझ्याकडे बघितलंही नाही. मुलीला घेऊन दवाखान्यात गेले.

त्यांची नोंद माझ्यापुढे तशीच उघडी होती. त्यांनी स्वतःच भरलेली. छंदसुद्धा लिहिलेला. फक्त 'अडचणीत कोणाला कळवायचे' ही एक चौकट कोरी.

मी तिथे माझा नंबर टाकला. त्यांना विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?