वडिलांचं नाव विचारणारे भाऊजी

मुलांनो, आमच्या धरमपेठच्या घरात टेलिफोन आला त्या दिवशी तुमच्या आजोबांनी पेढे वाटले, मी त्याच्याखाली क्रोशाचा रुमाल अंथरला आणि गुलाबराव भाऊजींनी त्याच्यावर टॉवेल टाकला.

"खाली ठेवला असला तरी ऐकते तो," ते दबक्या आवाजात म्हणाले. "धंद्याचं बोलायचं असन तर अंगणात जाऊन बोला."

गुलाबराव भाऊजी म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. लग्न केलं नव्हतं, कारण विचारलं की म्हणत, "पक्की चौकशी झाली नाही." दूधवाल्याचं दूध, शिंप्याचं माप, डॉक्टरांची गोळी, सगळ्याची त्यांना पक्की चौकशी लागे. रेडिओवर हवामान सांगणाऱ्यावरही त्यांचा विश्वास नव्हता. "तो बाहेर निघून पाहते काय?" असं विचारत आणि ऐन उन्हाळ्यात छत्री घेऊन निघत.

तुमच्या आजोबांनी तेव्हा विजेच्या जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायची, म्हणजे वायंडिंगची, कंपनी नुकती काढली होती. वर्कशॉप कळमन्याला आणि ऑफिस आमच्या पुढच्या खोलीत. फोनसाठी अर्ज केला तेव्हा कंपनी फक्त जेवणाच्या गप्पांत होती. फोन लागला तेव्हा कुठे तिची पाटी रंगून आली. सगळ्यांचे डोळे कोराडीच्या वीजकेंद्राकडे लागले होते. तिथून काम मिळालं तरच कंपनी उभी राहणार होती, आणि काम मिळालं की नाही ते फोनवर कळणार होतं.

फोनपाशी बसायचा मान अर्थात भाऊजींचा. त्यांनी डायलला चिमुकलं कुलूप लावलं, किल्ली करदोड्याला बांधली आणि नंबर कोणालाही द्यायचा नाही असं ठरवलं. "नंबर दिला का कोणी बी घरात घुसते." तुमच्या आजोबांनी तो कोराडीला गुपचूप कळवला म्हणून, नाहीतर तो फोन वाजलाच नसता.

एकदाचा कोराडीच्या इंजिनियरसाहेबांचा फोन आला. भाऊजींनी टॉवेल बाजूला केला, रिसीव्हर कानापासून वीतभर दूर धरला आणि सुरू झाले, "नाव सांगा. बापाचं नाव सांगा. कोराडीहून बोलून राहिले ना? मंग चिमणीचा धूर कोणीकडे जाऊन राहिला ते सांगा."

साहेबांनी फोन आपटला.

त्या संध्याकाळी तुमच्या आजोबांचा आवाज पहिल्यांदाच थोरल्या भावापुढे चढला. "दादा, गिऱ्हाईकाच्या बापाशी आपल्याले काय करायचं आहे?"

"माणूस बाकी सगळं खोटं सांगते गा," भाऊजी शांतपणे म्हणाले. "बापाचं नाव खोटं नाही सांगत."

"उद्यापासून फोनपाशी सुधा बसन. तुम्ही आराम करा."

सुधा म्हणजे मी. करदोड्याची किल्ली सोडून भाऊजींनी माझ्यासमोर ठेवली. टॉवेल मात्र घडी करून खोलीत नेला.

तुमचे आजोबा बसने कोराडीला जाऊन साहेबांची माफी मागून आले. काम मिळालं. भाऊजी मात्र रोज दुपारी छत्री घेऊन बाहेर जायला लागले, आणि त्याच सुमारास ते विचित्र फोन सुरू झाले.

घोगरा, दाबलेला आवाज. "गुलाबराव हायेत काय?" मी म्हणायची, "बाहेर गेलेत, आपण कोण?" की फोन बंद. भाऊजी परतल्यावर सांगितलं तर त्यांची उलटतपासणी सुरू, "काय विचारलं? तुम्ही काय सांगितलं? आणखी काही नाही म्हणाला?"

आता संशय माझ्याही अंगात शिरला. घरात पुरुषमाणूस कधी नसतो याचा कोणी अंदाज तर घेत नव्हता? मी दुपारी पुढच्या दाराला कडी लावू लागले. तुमचे आजोबा म्हणाले, "नंबरच बदलून घेऊ." भाऊजींनी लगबगीने नकाराची मान हलवली. "कायले? एवढ्यासाठी नंबर नको बदलू."

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा तो आवाज आणखी एक वाक्य बोलला. "गुलाबरावले काढलं म्हणे कंपनीतून?"

मी चिडले. "नाव सांगा आपलं."

"नाही सांगत."

"मग वडिलांचं नाव सांगा."

पलीकडून रिक्षाचा भोंगा ऐकू आला, कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग आवाज आला, घोगरा नाही, साधाच.

"पांडुरंगजी."

समोरच्या भिंतीवर माझ्या सासऱ्यांचा हार घातलेला फोटो होता. मी पदर सारखा केला. सासऱ्यांचं हे नाव मी तोवर कधी तोंडाने घेतलं नव्हतं.

"असं पाहा," मी म्हटलं, "पांडुरंगजींच्या मुलाला इथून कोण काढणार? ते नसले तर या घरात चौकशी कोण करील? त्यांच्या चहाची वेळ झाली आहे. मी आधण ठेवते आहे."

फोन हळूच ठेवल्याचा आवाज आला.

आधणाला उकळी फुटते आहे तोच भाऊजी आले. छत्री कोपऱ्यात टेकवली, फोनकडे न पाहता बसले.

"आला होता काय त्याचा फोन?"

"आला होता."

"पक्की चौकशी केली?"

"केली. घरंदाज माणूस वाटला."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली आणि दोन घोट घेतले. मग खाली मान घालूनच म्हणाले, "उद्या जरा लवकर उचलजा, बाई. औषधाच्या दुकानात गर्दी असते. उभं राहावं लागते त्याले."