एक घोडा, दोन सुभेदार

बाळांनो, डोळे मिटून मनात आणा: जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप मांडला आहे, आत लिनक्सचे राज्य आहे, आणि त्या राज्यात प्रोसेसर नामे घोडा आहे. त्याचा लगाम ज्या प्रोग्रामाच्या हाती, त्यास जाणते लोक गव्हर्नर म्हणतात, आपण सुभेदार म्हणू. विजेची तार जोडलेली असता घोडा दौडवावा, बॅटरीवर असता सावकाश चालवावा, एवढीच त्याची चाकरी.

ताई परमुलखी नोकरीस निघाली होती, आणि धाकटीने तिच्यासाठी याच लॅपटॉपवर मातीच्या बाहुल्यांचा सिनेमा रचला होता, मग टॅक्सी दाराशी येण्याआधी तो तयार होणे प्राप्त जाहले. परंतु तार जोडलेली असूनही घोडा पाऊल उचलीना.

तेव्हां खासे मामासाहेब, ज्यांची आजवरची थोर फत्ते म्हणजे शेजाऱ्यांचा प्रिंटर एकदा चालला होता, ते चहाचा कप घेऊन मोहिमेवर दाखल जाहले. त्यांनी लॅपटॉपच्या पंख्यात फुंकर मारिली, मग यंत्र बंद करून चालू केले, मग पुन्हा तेच केले, आणि अखेर इंटरनेटवरून नवा सुभेदार कुमकेस आणविला. नवा सुभेदार लगाम सैल सोडी आणि जुना खेचून धरी. हा जुना मामासाहेबांनीच धाकटी रांगत असता नेमिलेला, अकलेने बथ्थड: तार जोडल्याची बातमी पूर्वी ज्या फाइलीत येई, ती नव्या लिनक्सात केव्हाच दुसरीकडे गेली, तरी हा त्याच ओसाड दारी बसे, आणि बातमी नाही म्हणजे तार नाही, ऐसे ठरवून वेग तोडी. मामासाहेबांनी फर्माविले की लॅपटॉपच म्हातारा जाहला, नवा घ्यावा.

धाकटी पडद्यावर वेगाचा आकडा चढताना-पडताना पाहत होती.

"मामा, दोघं भांडतायत. जुन्याला तू काढलंच नाहीस."

"काढायचं कशाला? मी स्वतः बसवलाय तो. चांगला आहे."

"चांगला होता रे. आता त्याला तारच दिसत नाही."

बॅगेची चेन ओढता ओढता ताई हसली, ते मामासाहेबांस झोंबले, आणि त्यांनी तोंड फिरवून पासवर्ड सांगितला. धाकटीने जुन्या सुभेदारास बडतर्फ करून राज्याबाहेर घालविले, आणि घोडा चौखूर उधळला.

येणेप्रमाणे प्रोसेसरचा मुलूख सर जाहला, सिनेमा सिद्ध जाहला, आणि मामासाहेबांनी फोनवरून साऱ्या नातलगांस कळविले की फत्ते आपली. ताईने बूट घालून उभ्या उभ्याच सिनेमा पाहिला आणि डोळे पुसले. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजविला.

धाकटीने सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लावला.