अंबूअक्कांची टॉनिकं

अंबूअक्का भेटल्या की ‘कसे आहात’ असं विचारत नसत. सरळ पुढे येऊन अंगठ्यानं तुमची खालची पापणी ओढत आणि आतला रंग बघत. “पांढरी आहे. स्वल्प लोह पाहिजे तुला.” झालं निदान! मल्लेश्वरमच्या आमच्या गल्लीत फुलवालीपासून दूधवाल्यापर्यंत कुणाचीही पापणी यातून सुटली नव्हती. पोस्टमन तर त्यांची पत्रं आमच्या दारात टाकून पळ काढायचा. एकदा भर उन्हात त्याला यीस्टच्या गोळ्या चघळायला लावल्या होत्या म्हणे.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची ही गोष्ट. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी कोल्हापूरहून बंगलोरला आलो होतो. अक्का तिथल्याच. पूर्वज कधीतरी कुठल्याशा फौजेबरोबर आले आणि तिथलेच होऊन गेले. घरात मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली; मला त्या ‘तम्मा’ म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. मुलींच्या शाळेत शिकवत, लग्न केलेलं नव्हतं, शेजारच्या बैठ्या घरात एकट्या राहत. त्यांच्या फडताळात लोणच्याच्या बरण्या कमी आणि औषधाच्या बाटल्या जास्त. लोहाचं काळं मिक्श्चर, कॅल्शियम, बी-कॉम्प्लेक्स, आणि शार्कच्या तेलाच्या कॅप्सुली. त्या तेलाच्या वासानं गल्लीतली मांजरं अक्कांच्या मागोमाग शाळेपर्यंत जात. लोहानं दात काळे पडू नयेत म्हणून मिक्श्चर पपईच्या देठाच्या नळीनं ओढायचं, हा त्यांचा कायदा.

माझी बायको सुशीला तेव्हा पोटुशी होती. सहावा महिना लागला आणि तिला चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागू लागली. कपडे वाळत घालता घालता ती मटकन खाली बसे. अक्कांनी कुंपणावरून पाहिलं आणि म्हणाल्या, “सुस्तु झालंय हिला.”

सुशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी सुस्त आहे म्हणतात! पहाटेपासून राबतेय मी!”

कानडीत सुस्तु म्हणजे थकवा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण बाळंतपणासाठी येऊन राहिलेल्या माझ्या आत्याला ते फार पटलं. “बरोबर बोलली बाई. आम्ही नाही का दिवस भरेपर्यंत दळलं?”

अक्कांनी मग रीतसर खुलासा केला, माफी मागितली, आणि माफीबरोबर मिक्श्चरची बाटली आणली. सुशीला नाक दाबून नळीनं ओढायची आणि बहुतेक वेळा ओकून टाकायची. पाय सुजले. तांदूळ निवडायला बसली की मूठभर कच्चेच खाऊन टाकायची. आत्या म्हणायची डोहाळे. मीही तेच म्हणत होतो, कारण दुसरं काही म्हणायची भीती वाटत होती.

एका सकाळी मी ऑफिसला निघालो होतो आणि परसात बादली पडल्याचा आवाज आला. सुशीला धुण्याच्या दगडाला टेकून बसली होती. ओठ कागदासारखे. “काही नाही, जरा बसते,” म्हणाली, पण प्रत्येक शब्दामागे श्वास घ्यावा लागत होता.

मी धावत मिक्श्चरची बाटली आणली. एवढ्यात अक्का मागच्या दारानं आत आल्या. त्यांनी तिची छाती कशी भात्यासारखी हलतेय ते पाहिलं, आणि माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

“टॉनिकचं काम नाही हे, तम्मा. जटका आण. आत्ता.”

“अहो, दुपारी डॉक्टरना दाखवू की,” आत्या म्हणाली. “दोन चमचे जास्त द्या.”

“टॉनिकानं होणार नाही म्हणतेय ना मी!” अक्का इतक्या मोठ्यानं ओरडल्या की आत्या भिंतीला चिकटली. ज्या बाईचा टॉनिकवर देवाइतका विश्वास, तिच्या तोंडून हे ऐकलं आणि मी जटक्यासाठी धावलो.

टांग्यासारख्या त्या जटक्यात अक्कांनी सुशीलाचं डोकं छातीशी धरलं होतं. “झोपू नको गं. तुमच्या कोल्हापुरात तांबडा रस्सा कसा करतात सांग. आधी काय घालतात? मग काय?” सुशीला तुटक तुटक सांगत होती. चढावर घोडा अडला तेव्हा अक्का खाली उतरल्या आणि पदर खोचून जटक्याच्या बाजूनं चालू लागल्या, आत हात घालून सुशीलाचं मनगट धरून.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, “अंगात रक्तच नाही. द्यावं लागेल. आणखी उशीर केला असतात तर दोघंही गेली असती.” रक्त कोण देणार, असं विचारेपर्यंत अक्कांनी बाही वर केली होती.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे एकवार पाहिलं, आणि त्यांचीच पापणी खाली ओढली. “तुम्ही? तुम्हालाच द्यायला हवं! स्वतः काही घेता की नाही?”

अक्का शाळेतल्या मुलीसारख्या खाली मान घालून उभ्या राहिल्या. शेवटी माझं रक्त जुळलं.

बाटलीतून थेंब थेंब उतरत होतं आणि आम्ही दोघं बाहेरच्या बाकावर बसलो होतो. आत काय चाललंय कळत नव्हतं. नर्सचं पाऊल वाजलं की मी उठून उभा राहायचो. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “अक्का, गल्लीला पाजता आणि स्वतः का नाही घेत?”

त्यांनी खोचलेला पदर सोडून नीट घेतला. मग म्हणाल्या, “माझी धाकटी बहीण होती, गंगू. अशीच बसायची मधेच. आळशी म्हणायचे सगळे. मीसुद्धा. पहिलटकरीण होती, त्यातच गेली. कुणी बघितलंच नाही रे तिच्याकडे.”

“म्हणून तुम्ही सगळ्यांना...”

“ते आहेच.” त्या किंचित हसल्या. “पण खरं सांगू? बाटली घेऊन गेलं की लोक दार उघडतात. नुसतं गेलं तर विचारतात, काय काम होतं?”

दुपार कलताना डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. सुशीलाच्या ओठांवर रंग येत होता. मी रडलो. अक्कांनी मात्र आधी विचारून घेतलं, घरी गेल्यावर लोहाच्या गोळ्या जेवणाआधी द्यायच्या की नंतर.

पुढे मुलगी झाली, चांगली टणक. बाळंतीण हिंडू-फिरू लागली त्या दिवशी सुशीलानं पोरीला कुशीत घेतलं आणि शेजारचं दार वाजवलं. अक्कांनी दार उघडलं, दोघींकडे घाबरून पाहिलं.

“काय झालं गं? सुस्तु? ताप? काय आणू?”

“काही नको,” सुशीला म्हणाली. “काहीच काम नाही. बसायला आलोय आम्ही.”

अक्का दारातच उभ्या राहिल्या. पाहुण्यांना नुसतं ‘या’ म्हणायचं असतं, हे आठवायला त्यांना थोडा वेळ लागला.