परमुलखी चपलांस देशी टाका घातला त्याची हकीकत

सकळ चरणांस वंदन असो. मस्तकांची थोरवी गाणारे पुष्कळ झाले, परंतु राज्य उभे ते पायांवर, सबब पायांचेच स्मरण करून आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, एका राज्यात वर्तमान घडले ते ऐसे जे, घाटापलीकडून परमुलखी चपला येऊ लागल्या. आधी गोणीतून आल्या, मग ट्रक भरून आल्या, आणि मग घाटच चपलांनी तुंबला. फोमच्या, हलक्या, पोपटी नि गुलाबी. रयत खुळावली. आणि त्या राज्यात चपला करणारांची एक आळी होती, तेथे सिद्राम कारागीर व त्यांची बायको भागव्वा राहत होती. कातडे बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवावे, सिद्रामांनी तळ कापावा, भागव्वांनी पट्ट्यावर कातड्याची वेणी घालावी, ऐसा पिढीजात धंदा. तेथे गिऱ्हाईक फिरकेना. मग आळीने दरबारी जाऊन पदर पसरला, आणि महाराज कृपावंत होऊन परमुलखी चपलेवर जकात बसवते झाले. आळीने गुलाल उधळला. परंतु हुकुमात शेवटी एक ओळ होती, की जकात तूर्त सालभर, पुढे पाहणी होऊन कायम करणे अथवा उठवणे ठरेल. जकात राहिली तर आळी राहणार, उठली तर आळी उठणार, हे लहान पोरासही ठाऊक झाले.

आता त्या आळीचा एक रिवाज होता. तुटकी चप्पल हाती घेऊन कोणी दारी आला तर त्यास अनवाणी माघारी धाडू नये, आणि चप्पल कोणी केली हे पुसू नये. परमुलखी चपलेचा अंगठा लवकरच उपटून येई, मग पट्टा तुटे, मग तळ झिजून भोक पडे, आणि रयत ती घेऊन सिद्रामांकडे येई. सिद्राम आरीने टोचून आपल्या कातड्याचा अंगठा घालीत, पट्टा बसवीत, आणि खालून तळही ठोकून देत. भागव्वा जळफळत.

"आवं, सवतीच्या पोराला दूध पाजायला लागलाय तुम्ही!"

"चप्पल आसंल सवतीची. पाय आपल्याच गावचा हाय की गं."

"मग बसा त्याच पायाशी जल्मभर!"

ऐसे साल सरले आणि दरबाराकडून गुंडोपंत कारकून पाहणीस आले. मोटारीतून उतरून भर पेठेत त्यांनी येणारे जाणारे अडवले. हैबतीमामा म्हणून एक म्हातारे होते, त्यांस पुसते झाले, "ही चप्पल कोठची?"

"परमुलखातली, सरकार. जकातीच्या आधी घेतलीया. उन्हाळा काढला, पावसाळा काढला, अजून बघा कशी दणकट!"

गुंडोपंतांनी चप्पल उलटी केली, टाक्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "वाहवा! काय हात आहे कारागिराचा!"

सिद्राम गर्दीतच उभे होते. कित्येक दिवसांत त्यांच्या कामास कोणी बरे म्हटले नव्हते. ते हरखले, पुढे झाले, हात जोडले. "जी, टाका माझा हाय. पट्टा माझा. खालचा तळबी माझाच." आणि त्यांस वाटले, आता खरे उघड झाले, जकात राहिली.

"तुझा?" गुंडोपंत म्हणाले. "म्हणजे परमुलखी चपलेमुळे तुला काम मिळतं."

"मिळतंय जी, पण..."

"मग रडतोस कशाला?"

पेठ खदखदा हसली. भागव्वा मागून ओरडल्या, "अवो सायेब, त्यात परमुलखाचं राहिलंय काय? निस्ता रंग!" परंतु गुंडोपंत मोटारीत आरूढ झाले होते आणि काच वर गेली होती.

मग हुकूम सुटला, की परमुलखी चप्पल टिकाऊ ठरली आहे, आणि तिजपासून देशी कारागिरांस दुरुस्तीचा रोजगारही होतो, सबब जकात माफ. मग घाट मोकळा झाला आणि चपला इतक्या स्वस्त झाल्या की शिवून घेण्याचे कोणास कारण उरले नाही. तुटली की फेकावी आणि नवी घ्यावी. कातड्याचे कुंड आटले. भागव्वा कोणाच्या घरी धुण्याभांड्यास जाऊ लागल्या, आणि सिद्राम चपलांच्याच गोदामात हमालीस लागले.

एके दुपारी हैबतीमामा तेथे आले. हातात तुटकी चप्पल, खाली डांबर तापलेले, एक पाय उचलून दुसऱ्यावर उभे.

"सिद्राम, येवढा टाका घाल की लेकरा. पाय भाजतोय."

सिद्रामांच्या पाठीवर खोके होते. ते वाकलेलेच म्हणाले, "आरी मोडीत घातली, मामा. नवी घ्या."

मामा तसेच निघाले. सिद्राम पाठीवरचे ओझे न उतरवता, ते वळणाआड होईतो पाहत राहिले.

येणेप्रमाणे आळी बुडाली. परचक्र आले नाही, तोफ वाजली नाही, कोणी कोणाचे वाईटही चिंतिले नाही. राज्य क्षेम आहे. रयत स्वस्तात चालते आहे. इति.